सून परकी नसल्याचा दाखला

'पत्नीचे नाव लिहा' असं फॉर्मवर छापलं होतं आणि मी ते लिहिलं. चूक म्हणून सांगायची तर एवढीच.

नाव लिहिलं ते आमच्या आईने ठेवलेलं. परंदवडीच्या घरी मांडव घालून आमचं लग्न झालं तेव्हा ताटात तांदूळ पसरून मी ते अंगठीने रेखलं होतं. वाकडंतिकडंच रेखलं होतं, पण चार बायकांनी ते वाचलं, साखर वाटली आणि झालं. आमच्या मावळात सुनेचं माहेरचं नाव त्या ताटापाशी संपतं. पुढे त्या नावाने तिला हाक मारणारा कोणी उरला तर तिचा बाप.

फरक एवढाच की माझी बायको जर्मनीची. साठ सालानंतर कारखान्याने मला यंत्रदुरुस्ती शिकायला दोन वर्षं तिकडे पाठवलं होतं. यंत्रांचं मी काय शिकलो ते कारखान्यालाच विचारा. येताना लग्न करून आलो हे मात्र सगळ्या मावळाला ठाऊक होतं. तिकडच्या नगरपालिकेत सह्या करून आमचं एक लग्न आधीच झालं होतं. त्या दाखल्यावर, पासपोर्टवर आणि इथे राहायच्या परवान्यावर तिचं पहिलं नाव होतं. तांदळातलं नाव सरकारच्या गावीही नव्हतं.

परवान्याची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागे. त्या वर्षी ती संपली तेव्हा भातलावणी चालली होती. एरवी आम्ही लोणावळ्याला दोन खोल्यांत राहायचो, पण लावणीला सगळ्यांनी गावी जायचं ही आमच्या घरची रीत. माझी बायको कासोटा खोचून, हातात रोपांची जुडी घेऊन गुडघाभर चिखलात उभी होती, आणि तशी उभी असतानाच एका दुपारी ती बेकायदेशीर झाली. आम्हाला दोघांनाही पत्ता नव्हता. मला सतरा दिवसांनी आठवलं. धावतपळत पुणं गाठलं, बाकावर बसून घाईघाईत फॉर्म भरला, नाव तांदळातलं आणि पत्ता परंदवडीचा. माणूस राहतो कुठेही, पत्ता गावचाच असतो.

दोन महिने काही झालं नाही. मला वाटलं, झालं काम.

मग तिच्या वडिलांच्या शेजारणीचं पत्र आलं. तिचे वडील रेल्वेत फाटकवाले होते. आई आणि भाऊ लढाईत गेलेले. त्या माणसाने फाटकाशेजारच्या खोलीत एकट्याने तिला वाढवलं होतं. महिन्याला त्यांचं एक पत्र यायचं, आणि गेल्या वर्षभरात त्यातलं अक्षर मोठंमोठं होत चाललं होतं. शेवटच्या पत्रात पानावर सहाच ओळी मावल्या होत्या. शेजारणीने लिहिलं होतं की पोटात गाठ आहे, डॉक्टर हिवाळा निघेल असं धरत नाहीत, यायचं असेल तर निघा.

मुंबईहून बोट तीन आठवड्यांनी होती. तिकीट मिळालं. राहिली ती फक्त देश सोडायची आणि परत यायची परवानगी. तिला बरोबर घेऊन मी पुण्याच्या कचेरीत गेलो. तिला बाहेर बाकावर बसवलं आणि आत गेलो.

कारकुनाने फाइल उघडली, वाचली, चष्मा काढून पुसला आणि परत वाचली.

"तुमच्या पत्नी बेपत्ता आहेत," तो म्हणाला.

"छे हो, बाहेर बाकावर बसल्यात."

"त्या कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? एकच आहे."

त्याने फाइल माझ्याकडे फिरवली. एक जर्मन बाई, परवाना संपलेली. तिच्या शोधाला पाठवलेल्या चौकशीचं गावच्या पोलीस पाटलाच्या सहीचं उत्तर: 'सदर घरी कोणीही परदेशी इसम राहत नाही. घरात माझा पुतण्या, त्याची मातोश्री व त्याची लग्नाची बायको असून सदर सून आपल्यातलीच आहे. चालचलणूक उत्तम.' आणि खाली माझ्या अक्षरात भरलेला फॉर्म, मराठमोळ्या बायकोच्या नावाचा.

"दुसरं लग्न केलंत?" त्याने विचारलं. "कायदा माहीत आहे ना?"

"साहेब, इथे एकीचे कागद सांभाळता येत नाहीत..."

विनोद करायची ती जागा नव्हती. तो उठून दारात गेला. बाकावर नऊवारीतली, हिरव्या बांगड्यांची, अंबाड्यात अबोली माळलेली बाई बसली होती. पासपोर्टातल्या फोटोत मानेपर्यंतचे केस आणि कॉलरचा झगा. बरं, मराठी ती आमच्या आईकडून शिकलेली.

"या तुम्हीच का?" त्याने पासपोर्ट पुढे धरला.

"व्हय, मीच की ती," बायको म्हणाली. "लय उन्हाची आलीया, जरा बिगीनं बघा."

कारकून माझ्याकडे वळला. "जर्मन?" म्हणाला.

माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं समजावून सांगितलं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं माझं प्रतिज्ञापत्र हवं. ते त्याच दिवशी झालं. पण पोलीस पाटलाने आधीचा कागद चुकला, सदर बाई परदेशी आहे, असं नव्याने लिहून दिल्याशिवाय फाइल हलणार नव्हती.

पोलीस पाटील म्हणजे माझे सख्खे थोरले चुलते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आपल्या घरचंच काम, संध्याकाळी सही होईल, असं मी गाडीत बायकोला सांगितलं. माझे असे अंदाज अजून घरात उकरून काढले जातात.

आबा ओट्यावर बसून दोरी वळत होते.

"आबा, असं कसं लिहून दिलंत?"

"मग कसं लिवू? हवालदार सायकल घिऊन आला, म्हनला परदेशी बाई कुटं हाय. म्हनलं, ह्यो पोरीला उचलून न्यायला आलाय. सांगितलं त्येला, हितं कोन परदेशी न्हाई, सून हाय आमची. च्या पाजला आन् वाटंला लावला." ते खुशीत हसले. आपण सुनेला वाचवलं, असंच त्यांना वाटत होतं, आणि चार ठिकाणी ते त्यांनी सांगितलंही होतं.

नव्या कागदाचं सांगितल्यावर दोरी थांबली.

"परकी हाय असं लिवू? सवाष्णीला? आन् खाली सही माजी?"

"नुसता कागद आहे, आबा."

"कागद नुसता आसता तर तू पळत आला आसतास व्हय? उंद्या त्यांनी ह्योच कागद दावला, म्हनले तुमीच लिवून दिलंय परकी हाय, चला घालवा तिला, तर? शिकला-सवरलायस, पर आक्कल तिकडंच ठिवून आलायस."

हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच मी चिडलो, आणि ते उठून रानात गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. आठ दिवस मी कारखान्याची रजा घालवत त्यांच्या मागे हिंडलो. आईने रडून पाहिलं. आबा म्हणायचे, "पाटलाचा सबूद एकदाच जातो."

नवव्या दिवशी बायको एकटीच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. मी भिंतीआड उभा होतो, कारण पुढे यायचं तोंड नव्हतं.

"आबा, माजा बाप लय आजारी हाय," ती म्हणाली. "त्याला दुसरं कोन न्हाई. तुमी लिवा मी परकी. लिवल्यानं काय मी परकी व्हतीया?"

आबांनी हातातली दोरी खाली ठेवली. मग त्यांनी दौत मागितली. एकेक अक्षर कोरत त्यांनी तो कागद लिहिला, आणि 'परदेशी' या शब्दाशी लेखणी टेकली ती उचलेचना. सही झाल्यावर कागद तिच्या हातात न देता ओट्यावर ठेवला.

"लिवलं," ते म्हणाले. "पर म्या मानीत न्हाई."

तो कागद आधी तालुक्याला, तिथून पुण्याला, असा त्याच्या चालीने गेला. मी रोज कारखान्यातून फोन लावायचो. बोट सुटायच्या दिवशीही फाइल टेबलावरच होती. आम्ही ट्रंक भरून ठेवली होती. त्यात आईने व्याह्यांसाठी विणलेली लोकरीची कानटोपी होती, एक कान लहान, एक मोठा. ट्रंक तशीच राहू दिली. पुढची बोट महिन्याने होती.

पहिली बोट सुटल्यावर बावीस दिवसांनी परवाना आला. तिच्या दोन्ही नावांसकट, शिक्क्यासकट, अगदी बिनचूक. मी पेढे आणले. लाज वाटते सांगायला, पण आणले.

तार चोविसाव्या दिवशी आली. आदल्या रात्री गेले होते.

तिने तार वाचली, घडी घातली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून खाटेवर घेतलं. बोटीचे अठरा दिवस, पुढे आगगाडीचे दोन. बोटाने ती मोजत गेली. पहिल्या बोटीने गेली असती तर वडिलांजवळ तिला चार दिवस मिळाले असते. दोनदा मोजून तेच आलं. मी शेजारी उभा होतो. आबांचे आठ दिवस त्यात होते, पण त्याआधीचे सतरा माझे होते, आणि ते नाव माझ्या हातचं होतं. तिने शिव्या द्याव्या असं मला फार वाटत होतं. तिला येत होत्या, आईने शिकवल्या होत्या.

तिने कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

"रविवारी गावाला जाऊ तवा आबांना सांगावं लागंल," ती म्हणाली. "खरी तारीख नगा सांगू. पयली बोट निगायच्या आदीच गेला म्हना."