समुद्राकडची भिंत

तिला सगळे वकिलीण म्हणायचे. कोर्टाची पायरी ती जन्मात चढली नव्हती. फाटकी जाळी दुरुस्त करून पोट भरणारी विधवा बाई. पण कोणाचं निमूट ऐकून घेणं तिला जमत नसे. नळावर कोणी मध्ये घुसलं की ती भांडणार, दुकानदाराने मापात मारलं की ती भांडणार. तिने भांडून आणलेला नळ सगळी वस्ती वापरायची आणि तिची पाठ वळली की तिच्याच चालण्याची नक्कल करून हसायची. याला आपल्याकडे माणुसकी म्हणतात.

घर तिचं किनाऱ्यावर, अगदी शेवटचं. गल्लीकडून पाहिलं तर पोपडे सुटलेलं, दाराची बिजागरी दोरीने बांधलेली. समुद्राकडची भिंत मात्र दर वर्षी चुना मारून लख्ख. "आमच्या ताईंचं सगळं उलटं. लोक तोंडाला पावडर लावतात, ह्या पाठीला लावतात," धाकटी जाऊ नळावर सांगायची आणि बायका खिदळायच्या.

ती भिंत ही परतणाऱ्या बोटींची खूण होती. किनाऱ्यासमोर पाण्याखाली खडक होते आणि त्यातून एकच अरुंद वाट. टेकडीवरची पाण्याची टाकी आणि तिच्या खालची ही पांढरी भिंत एका रेषेत धरून यायचं; रेष सुटली की बोट फुटली. हे बोटीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण बोटीवर जायचे फक्त पुरुष. बायकांनी ती भिंत पाण्यावरून कधी पाहिलीच नव्हती, आणि पुरुषांना ती घरी सांगण्यासारखी गोष्ट वाटली नव्हती. तिच्या नवऱ्याने तिला सांगितलं होतं, ते दर वर्षी चुना कालवायला तीच लागायची म्हणून. पुढे तो वादळात गेला. चुना तिने चालू ठेवला.

मग मालाच्या बंदराची बातमी आली. मोठी जहाजं येणार, समोरचे खडक सुरुंगाने उडवणार, किनारा सपाट करून मालाचे मोठाले डबे रचणार. वस्ती पेटून उठली. जाळी ठेवायच्या शेडमध्ये सभा झाली, एकमुखाने विरोध ठरला, आणि तेवढ्यात ही उभी राहिली.

"येऊ दे बंदर," ती म्हणाली. "माझा नवरा समुद्राने खाल्ला. एकच पोरगा उरलाय, तो काकाच्या बोटीवर जातो आणि परत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. बंदरात क्रेन चालवेल, संध्याकाळी चालत घरी येईल. मला दुसरं काही नको."

बोलणं खोटं नव्हतं. तिथे बसलेल्या अर्ध्या बायकांच्या मनातलंच होतं. म्हणूनच त्या जास्त चिडल्या. "किती घेतलेस गं बंदरवाल्यांकडून?" मागून कोणीतरी ओरडलं, आणि टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून तिच्याकडे जाळी यायची बंद झाली. ती नळावर आली की भांडी आपोआप पुढे सरकायची. दीर वहिनीला मान द्यायचा, पण बायकोसमोर त्याचा आवाज फुटत नसे. एक केलं त्याने, पुतण्याला बोटीवरून काढलं नाही. ही मात्र त्याने पोराला काढून टाकावं म्हणून मनातल्या मनात हात जोडत होती.

बंदराच्या सुनावणीसाठी सरकारी साहेब लोक लाँचने समुद्राच्या बाजूने येणार असं कळलं. बोटी बाहेर गेलेल्या, दुसऱ्या दिवशी सुनावणी. जाऊ बायकांना घेऊन दारात आली. हातात डांबराचा डबा.

"ताई, तुमच्या मागच्या भिंतीवर 'बंदर नको' लिहायचंय. साहेबांना लांबून दिसेल."

"भिंतीला हात लावायचा नाही."

"का? बंदरवाल्यांना राग येईल?"

"अगं, बोटी त्या भिंतीवर बघून येतात. तुझा नवरा त्या बोटीवर आहे, माझा पोरगा आहे. ती पांढरीच राहायला हवी."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसू फुटलं. "ऐकलंत का? वकिलीणबाईंनी आता भिंतीची केस घेतली!" जाऊ मात्र हसली नाही. तिच्या मनात वेगळंच साचलं होतं. लग्न होऊन आल्यापासून 'वहिनी असं म्हणते, वहिनी तसं म्हणते' ऐकून तिचे कान किटले होते. नवऱ्याच्या बोटीचं कसं चालतं हे आता हिने शिकवायचं?

"लिहू देत नाही ना?" ती म्हणाली. "मग लिहितच नाही."

त्यांनी तिला दारातच रोखलं आणि मागे जाऊन भिंत काळी केली. अक्षरं नाहीत, काही नाही. झाडू बुडवून वरपासून खालपर्यंत नुसतं डांबर. तोंडाला काळं फासायचं ते घराला फासलं. शेडमध्ये पत्ते कुटत बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत बातमी गेली की बायकांनी वकिलिणीच्या घराला डांबर लावलं. जन्मभर त्याच भिंतीवर बघून घरी आलेले ते म्हातारे पोट धरून हसले. कुठली भिंत, हे एकानेही विचारलं नाही.

आता घोषणा कुठे लावायची? शेजारीच बर्फाचा कारखाना होता. बायकांनी पांढऱ्या चादरी जोडून भलंमोठं कापड शिवलं, वर 'बंदर नको' लिहिलं आणि कारखान्याच्या गच्चीवरून समुद्राकडे सोडलं. छान दिसत होतं. कौतुकाने फोटो काढले.

ही तोवर दुकानात धावली होती. "चुना दे."

"संपला," दुकानदार म्हणाला. चुन्याच्या पोत्यावर तो पाय ठेवून बसला होता.

तिने घरातली चादर, नवऱ्याचं जुनं धोतर, मिळेल ते पांढरं भिंतीवर खिळ्यांनी ठोकायला घेतलं. जावेने येऊन ओढून काढलं. "पांढरं निशाण दाखवतेस साहेबांना? आम्ही शरण आलो म्हणून?" तिने पोराला फोन लावला तर तो लागेना. बोटीवर फोन डब्यात बंद असायचे.

सूर्य कलला तशी ती धक्क्यावर जाऊन उभी राहिली. दिराची बोट दिसली, सगळ्यांत पुढे. तिने वळून किनाऱ्याकडे पाहिलं, दिराला काय दिसत असेल ते बघावं म्हणून. तिचं घर काळोखात बुडाल्यासारखं होतं, आणि त्याच्या शेजारी, टाकीच्या खालीच, उतरत्या उन्हात एक मोठा पांढरा चौकोन झळकत होता. लांबून त्यावरची अक्षरं दिसतही नव्हती.

ती धावत कारखान्याच्या जिन्याशी आली. "कापड काढा! अगं, तो त्याच्यावर धरेल! कापड काढा!"

बायकांनी तिला जिन्यावरच धरलं. दोघींनी हात, दोघींनी कंबर. एकीने तोंडावर हात दाबला, कारण तिच्या शिव्या ऐकवत नव्हत्या. "फाडायला आली होती बघा," जाऊ धापा टाकत म्हणाली. बायकांच्या मिठीत अडकूनच तिने बोट वळताना पाहिली. बोट अगदी सरळ आली. दीर कसबी माणूस होता, त्याने टाकी आणि कापडाची रेष केसभरही सोडली नाही. आवाज किनाऱ्यापर्यंत आला, खडकावर लाकूड मोडल्याचा. तेव्हा कुठे बायकांचे हात सुटले.

मागच्या बोटी ते पाहून खडकांबाहेरच थांबल्या. दीर पोहत आला. बाकीचे फळ्या धरून आले. तिचा मुलगा जाळ्यात गुंतला होता. त्याला जाळ्यासकट ओढून आणावं लागलं. ते जाळं तिनेच दुरुस्त केलेलं होतं.

सुनावणी पुढे ढकलली गेली. दरम्यान वस्तीने मुलाचा फोटो मोठा करून घेतला आणि त्या कारखान्यावरच्या कापडावर मधोमध चिकटवला. 'समुद्राचा पुत्र अमर रहे.' आईला सुनावणीत पहिल्या रांगेत खुर्ची दिली. नळावर जिला थेंब मिळत नव्हता तिला आता पाण्याची बाटली उघडून हातात मिळत होती.

"बाई, तुमचं काय म्हणणं आहे?" साहेबांनी विचारलं.

"माझा मुलगा बंदराने मारला नाही," ती म्हणाली. "ह्यांनी माझी भिंत काळी केली आणि शेजारी पांढरं कापड लावलं. बोट त्या कापडावर आली. माझ्या दिराला विचारा, सुकाणू त्याच्या हातात होतं."

सगळ्यांनी दिराकडे पाहिलं. त्याच्या शेजारी त्याची बायको बसली होती, दोन्ही हात मांडीत घट्ट धरून. त्याने एकदा तिच्या हातांकडे पाहिलं.

"अंधार होता साहेब," तो म्हणाला. "काही दिसलं नाही."

"दुःखाने डोकं फिरलंय हो बिचारीचं," मागून कोणीतरी कुजबुजलं. साहेबांनी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दीर तिच्या दारात आला. एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्यात कुंचला. इतके दिवस थांबलेल्या बाकीच्या बोटी आता समुद्रात जायच्या होत्या, आणि त्यांना परत यायचं होतं.

"वहिनी," तो म्हणाला आणि बादली थोडी पुढे केली.

"अंधार होता म्हणालास ना? मग चुना कशाला?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिला त्याची कीव आली नाही. यायचं कारणही नव्हतं.

"लाव," ती शेवटी म्हणाली. "पण आधी कारखान्यावरचं कापड उतरव. दोन पांढरी असून चालत नाही, तुला माहीत आहे."

"त्यावर फोटो आहे वहिनी."

"आहे. त्याच कापडाने नेलं त्याला. उतरव."

नळावरच्या बायका बघत होत्या. तो गच्चीवर चढला, दोऱ्या सोडल्या, कापड खाली आलं. कशासाठी, हे कोणीही विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. तो भिंतीला चुन्याचा पहिला हात मारत होता तेव्हा तिने ते कापड अंगणात पसरलं. फोटो आत राहील अशी घडी घातली, मग घडीवर घडी, जाळं आवरावं तशी नीट. घडी उचलून ती गल्लीतून चालत गेली आणि जावेच्या उंबऱ्यावर ठेवली.

जाऊ आतच होती. तिने दार उघडलं नाही.