दुसऱ्या यादीतलं नाव

यादीत एकदा नाव चढलं की काम झालं, असं आमच्या गावात कुणालाही विचारा, तो छातीठोकपणे सांगेल. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरकुलाची यादी लागते, त्यात आपलं नाव आलं की माणूस निवांत. घर कधी मिळायचं तेव्हा मिळो, नाव काही जागचं हलत नाही. माझ्या थोरल्या काकांचं नाव चढलं तेव्हा मी पाचवीत होते आणि त्यांच्या घराचा पाया खणला तेव्हा दहावीत. मधली सगळी वर्षं काका म्हणायचे, "नाव हाय ना? मग कुठं जातंय?" आणि खरंच, कुठं गेलं नाही ते. दरवर्षी दोन-चार घरं वर सरकायचं, एवढंच.

कॉलेजची यादी तशी नसते. हे आमच्या घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस म्हणजे मी.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याला लागून. बारावीपर्यंत मी एसटीनं शहापूरला जात होते, सायन्सला. हुशार वगैरे नव्हते हो, बरी होते. पण प्रयोगशाळेत माझा जीव रमायचा. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत राहायचं, खालच्या चंबूतलं पाणी नितळच राहतं, नितळच राहतं, आणि मग एका थेंबाला एकदम गुलाबी होतं. त्या एका थेंबासाठी मी श्वास धरून उभी राहायचे. मला रसायनशास्त्र शिकायचं होतं. शिकून पुढं काय करायचं, याचा मला पत्ता नव्हता. शिकायचं होतं, बस.

आमच्याकडे बारावी झालेल्या मुलीला फार वाटा नसतात. कॉलेज, नाहीतर वाशिंदकडची कंपनी, नाहीतर लग्न. पहिली हुकली की दुसरी आपोआप पायाखाली येते आणि ती सरळ तिसरीला जाऊन मिळते. मला हे तेव्हाही कळत होतं. म्हणूनच ते ॲडमिशन म्हणजे माझ्या जिवाचा घोर होता. बाबांची अट एकच होती, सकाळी जाऊन दिवे लागायच्या आत घरी येता आलं पाहिजे. त्या अटीत आणि माझ्या मार्कांत बसणारं कॉलेज एकच होतं, मुरबाडच्या बाजूला. दुमजली, छोटंसं, विज्ञानाची एकच तुकडी. फाटकाशी एसटी थांबायची, म्हणून आईलाही ते पसंत होतं.

फॉर्म द्यायला मी एकटी गेले. टेबलापाशी एक सर बसले होते, त्यांनी कागद उलटापालटा करून मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. कुठले विषय घेणार, असं काहीतरी असणार. मी म्हटलं, "येस सर." त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा, "येस सर." मागच्या रांगेतल्या मुली फिसकन हसल्या. सर बिचारे चांगले होते, त्यांनी लगेच मराठीत विचारलं. पण माझे कान जे तापले ते घरी येईपर्यंत निवले नाहीत. ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? डोंबल!

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. दोन दिवस मी मोबाइल उशाशी घेऊन झोपले. मग दुसरी यादी मोबाइलवर आली, संध्याकाळची, आणि तिच्यात शेवटून चौथं माझं नाव. अगं बाई! मी अशी किंचाळले की आई चुलीपुढून उठून आली, तिला वाटलं विंचू चावला. बाबा अंगणात पाय धूत होते, ते तसेच ओल्या पायांनी आत आले. "वाच," म्हणाले. "काय काय लिवलंय ते सगळं वाच."

मी वाचलं. नाव वाचलं, नंबर वाचला. खाली लिहिलं होतं की उद्यापासून तीन दिवसांत मूळ कागदपत्रं घेऊन यावं आणि प्रवेश निश्चित करावा. तेही वाचलं. त्याच्यापुढं आणखी एक ओळ होती. न आल्यास जागा पुढच्या यादीतल्या उमेदवाराला दिली जाईल.

ती ओळ मी मोठ्यानं वाचली नाही.

का नाही वाचली? किती वेळा विचारलं असेल स्वतःला. त्या घडीला खरोखर एवढंच वाटलं की आई हसतेय, बाबा हसतायत, आत्ता कशाला हे मधे. आणि दुसरंही होतं. त्या टेबलाची, त्या सरांची, त्या मुलींची भीती मनात बसली होती. कॉलेजात नाव लागणं मला हवं होतं, जिवापाड हवं होतं. पण कॉलेजात जाऊन उभं राहायचं म्हटलं की ते "येस सर" पुन्हा कानात वाजायचं. म्हणून जितकं लांबेल तितकं बरं.

बाबा म्हणाले, "नाव लागलं ना? मग झालं. आवणी आटपू, मग निवांत जाऊ."

आवणी म्हणजे भाताची लावणी. आमच्याकडे ती एकट्या घरानं होत नाही. आज चार घरची माणसं आमच्या शेतात उतरली, तर उद्या आमची माणसं त्यांच्या शेतात उतरणार, हाताला हात. आमची खाचरं लावून झाली होती. आता तीन घरचं फेडायचं होतं, नेमके तेच तीन दिवस. एक हात कमी पडला तर कुणी तोंडावर बोलत नाही, पण वर्षभर लक्षात ठेवतात.

तर मी गेले आवणीला. आणि आता जे सांगते ते सांगताना माझंच मला थोबाडीत मारावंसं वाटतं. ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे दिवस होते. बातमी गावभर झाली होती. गुडघाभर चिखलात ओणव्या बायका, डोक्यावरून प्लास्टिकचे कागद घेतलेले, आणि सगळ्यांच्या तोंडी मी. "ए मॅडम, तुज्या नखात चिखल गेला गो!" "आता काय बाई, पुढल्या वर्षी ही आमाला वळखायची पन नाय." एक काकी तर रोपांची मूठ माझ्या हातात देताना म्हणाली, "घ्या सायेब." मी वरवर लाजत होते, पण अंगावर मूठभर मांस चढत होतं. असं कौतुक माझं कुणी कधी केलंच नव्हतं. न जाताच मी कॉलेजची झाले होते. ना इंग्रजी, ना टेबल, ना रांग. नुसतं कौतुक. सोडवेना ते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येताना बाबा बांधावर थांबले. म्हणाले, "तीन दिस म्हनत व्हतीस ना तू? म्हंजे उद्या शेवटचा."

मी हूं केलं.

"मग तू जा उद्या. तुज्या जागी मी ऱ्हातो."

आता हे काय होतं ते सांगायला हवं. आमच्याकडे पुरुष चिखल करतात, रोपं पोचवतात, नांगर नाहीतर ट्रॅक्टर बघतात. रोप लावायची ओळ बायकांची. त्या ओळीत धोतर-लेंगा वर खोचून गावातला बाप्या ओणवा झाला, की बायका त्याला दिवाळीपर्यंत चिडवतात. बाबांना ते चांगलं ठाऊक होतं. तरी म्हणाले.

मी म्हटलं, "नको. बायका हसतील तुमाला."

"हसू दे की. काय झिजतंय माजं?"

"नको हो बाबा. तिसरी यादी लागायचीय अजून. नाव कुठं जातंय?"

थोरल्या काकांचं वाक्य मी त्यांना ऐकवलं. त्यांचा विश्वास बसला. शिकलेली लेक सांगत होती ना. "बरं," म्हणाले आणि पुढं चालू लागले.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. बाबांनी ठेवणीतला सदरा घातला होता. एसटीत ओळखीचा माणूस भेटला त्याला त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "पोरीचं ॲडमिशन घ्यायला चाललोय." कॉलेजच्या ऑफिसच्या दारात त्यांनी चपला काढल्या. मी खुणावलं, राहू द्या, इथं नाही काढत कुणी. पण त्यांनी काढल्याच.

आतल्या बाईंनी माझं नाव विचारलं, कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, काल पाच वाजेपर्यंत होतं," त्या म्हणाल्या. "मी तुझी वाट बघितली. आज सकाळी जागा पुढं दिली."

"तिसऱ्या यादीत येल ना पन तिचं नाव?" बाबांनी विचारलं.

"तिसऱ्या यादीत ज्यांचं आधी लागलं नाही त्यांची नावं येतात, काका. हिचं लागलं होतं. ही आली नाही, म्हणजे हिला नको असं धरतात."

बाबांना ते समजायला वेळ लागला. मग त्यांनी हात जोडले. माझे बाबा कुणापुढं हात जोडणारे नव्हेत हो. ते म्हणाले, "मॅडम, चूक माजी हाय. पोरगी यायची म्हनत व्हती. मीच तिला आवणीला आडकवली. आमी अडानी मानसं, आमाला वाटलं नाव लागलं म्हंजे लागलं. मला काय ती शिक्षा करा, तिला नका करू."

मी तिथंच उभी होते, त्यांच्या कोपराला लागून. तोंड उघडायचं होतं फक्त. बाबा, मी यायची म्हणत नव्हते. तुम्ही जा म्हणालात, मीच नको म्हटलं. इतकंच. पण माझ्या तोंडाला कुलूप बसलं. कारण त्या बाई माझ्याकडे कणवेनं बघत होत्या, आणि मला ती कणव हवी होती. एवढी मी हलकी.

त्या म्हणाल्या, "आर्ट्सला जागा आहे गं. आज घेतेस का? लगेच करून देते." मी नको म्हटलं. रागानं म्हटलं, जसा काही दुसऱ्या कुणी माझा घास पळवला होता. परत येताना एसटीत बाबांनी माझ्या कागदांची पिशवी मांडीवर धरून ठेवली. उतरल्यावर म्हणाले, "पुढल्या वर्षी भरू गो. मी सोता येईन पयल्या दिवशी." मी बघू म्हटलं.

पुढल्या वर्षी मी भरला नाही फॉर्म. तोवर वाशिंदच्या कंपनीत पॅकिंगला लागले होते. बाबा जूनभर मागं लागले होते, मी त्यांना उडवून लावलं. आता इच्छा नाही म्हटलं. खोटं होतं. इच्छा होती, हिंमत गेली होती. त्यानंतर कुणी विचारलं नाही, मीही काढलं नाही. चार वर्षं झाली. बाटल्यांवर झाकणं बसवते. स्थळं येतात.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. बऱ्याच जणींची कॉलेजं राहतात, मरत नाही कुणी. पण बाबा थांबले नाहीत. त्यांनी तो दोष उचलला आणि खाली ठेवलाच नाही. ऑफिसात मला वाचवायला बोलले होते, ते पुढं स्वतःच खरं धरून बसले. कंपनीतून मी थकून आले की माझ्यापुढं पाण्याचा तांब्या आणून ठेवतात, आणि माझ्याकडे बघत नाहीत.

परवा माझी सुट्टी होती. वरच्या आळीतले एक काका आले ओटीवर. त्यांच्या मुलीचं नाव लागलं होतं कॉलेजच्या यादीत, आणि त्यांची आवणी अर्धी राहिली होती. काय करू, विचारायला आले होते. मी आत भाकऱ्या थापत होते, सगळं ऐकू येत होतं.

बाबा म्हणाले, "आवणी गेली चुलीत. उद्या सकाळच्या गाडीनं पोरीला घेऊन जा. मी येतो तुज्या शेतात, बायकांच्या वळीत उभा ऱ्हातो, पन तू जा."

काका हसले. बाबा नाही हसले. "मी माज्या हातानं माज्या पोरीचं वाटोळं केलंय," ते म्हणाले. "ती यायची म्हनत व्हती. मी आडवली. चार वर्सं झाली, मला जेवन गोड लागत नाय रे."

"तुमाला कुठं ठावं व्हतं, दादा? तुमची काय चूक?"

"बाप हाय ना मी? ठावं पायजे."

माझ्या हातातली भाकरी तव्याच्या कडेला लागून मोडली. मी उठले. पिठाचे हात तसेच. या वेळी सांगायचंच, काका ऐकताहेत तर ऐकू देत, गाव ऐकू दे. उंबऱ्याशी आले. बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. डोळे पाणावले होते त्यांचे, आणि मी ऐकलं की काय म्हणून चेहरा एकदम घाबरा झाला होता.

मी तोंड उघडलं.

"काका, चहा टाकते," मी म्हटलं. "साखर चालते ना तुमाला?"