खांद्यावर उरलेला हात

पडद्यावर माझ्या नवऱ्याचा फक्त हात होता. मनगटापासून बोटांपर्यंत, दिराच्या उजव्या खांद्यावर ठेवलेला. करंगळी वाकडी, यंत्रमागात सापडून मोडलेली, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. मनगटाशी फोटो संपत होता.

सुरतेत गोडादऱ्यातल्या एका दुकानाच्या वर कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथे मी उभी होते. क्लास चालवणाऱ्या गुजराती मुलीने खुर्ची पुढे केली. "मासी, बेसो ने." मी बसले नाही.

"बाकीचा कुठे गेला?" मी दिराला विचारलं.

"कोण?"

"हा ज्याचा हात आहे तो."

दीर हसला. अडचणीत आला की तो हसतो, लहानपणापासून. "वहिनी, फोटो जड होत होता. विचारा हिला. अमेरिकेतला माणूस उघडायला बसला तर त्याचा चहा होईल, जेवण होईल, तरी फोटो अर्धाच. मग थोडा कापला."

मुलगी माझ्याशी अर्धं हिंदी, अर्धं गुजराती बोलायची. ती म्हणाली, "मैंने पूछा था मासी, किस तरफ से काटूं. इन्होंने हाथ से दिखाया, इधर से."

मूळ फोटोत आमच्या बँडचे सात जण होते. एका टोकाला पिपाणीवाला, डोळे मिटलेला, तोंड उघडं. तो राहिला होता. दुसऱ्या टोकाला माझा नवरा. बँड ज्याने काढला तो.

वेबसाईटच्या पानाच्या चारही बाजूंनी बँडच्या कोटाची सोनेरी पट्टी होती. चित्र नाही, खरी पट्टी. खरा कोट काचेवर पालथा घालून मशीनने आत घेतलेली. तो कोटही माझ्या नवऱ्याचा. आठ दिवसांपूर्वी दीर घरी येऊन मागून घेऊन गेला होता. "वहिनी, दादांचा कोट द्या. आमच्या कोटांची पट्टी काळी पडली, दादांची अजून चमकते." चमकणारच. दोन वर्षं तो कोट खुंटीला होता. खाटेवरून नवरा म्हणाले होते, "दे, दे. वेबसाईटवर जाईल." म्हणजे कोटाची पट्टी घेतली आणि कोट घालणारा कापला.

"कड झकास आली ना?" दीर मला म्हणाला.

मी म्हटलं, "आली."

हा दीर दहा वर्षांचा असताना आमच्याकडे सुरतला आला. खानदेशातल्या गावी सासू वारली होती. नवरा मागावर, मी घरात दोरा भरायचं काम करत असे. त्याला मी मराठी शाळेत घातलं. तो दप्तर शाळेच्या भिंतीमागे ठेवून पतंग उडवायला जाई. संक्रांतीचं उत्तरायण संपून महिना झाला तरी याचं उत्तरायण चालूच. मास्तर घरी येऊन सांगून थकले. शेवटी नवऱ्याने त्याच्या हातात ढोल दिला. पोटापुरतं तरी काही शिकू दे, म्हणाले. ढोल तो चांगला शिकला. सही करायला मात्र शिकला नाही.

नवरा आधी एका मोठ्या मालकाच्या बँडात क्लॅरिओनेट वाजवत. मालक वरातीत सगळ्यांसमोर वाजवणाऱ्यांना शिव्या देई. एकदा वरातीच्या मध्येच त्यांनी मालकाने दिलेली टोपी डोक्यावरून काढून रस्त्यावर ठेवली आणि घरी आले. मग दीर आणि मागावरचीच पाच माणसं गोळा करून डिंडोलीत स्वतःचा बँड काढला. वर मालक नाही. कोट मी शिवले. गिरणीतलं डागी लाल कापड होतं, डाग बगलेत येतील असं बेतून सात कोट काढले. मोठ्या ढोलावर बँडचं नाव मी लिहिलं, ऑइल पेंटने. मी चौथी पास आहे, पण माझं अक्षर चांगलं आहे. गल्लीतल्या लग्नांत भिंतीवर नवरा-नवरीची नावं मीच लिहायचे. ढोलावर खाली लहान अक्षरांत नवऱ्याचं नाव लिहिलं होतं.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला तेव्हा आमची गल्ली रिकामी झाली. बँडवाले सगळे गावी पळाले, दीर सगळ्यांत आधी, ट्रकवर चढून. नवरा म्हणाले, वाद्यं कोणाच्या भरवशावर टाकू. आम्ही दोघं वाद्यांपाशी राहिलो. दीर दीड महिन्याने परत आला, तेव्हा त्याचा ढोल पुसून ठेवलेला होता.

त्यानंतर नवऱ्याची छाती गेली. मागावरची रुई आयुष्यभर आत गेली होती. क्लॅरिओनेट तोंडाला लावलं की खोकला येई. दोन लग्नांत त्यांनी ओढून नेलं, तिसऱ्यात खाली बसले. तेव्हापासून घरात. महिन्याभराने दीर ढोल घेऊन आला. "वहिनी, दादांचं नाव वाचून लोक दादांना विचारतात. ते खाली माझं नाव घाला." नवरा आतून म्हणाले, घाल. मी घासलेट लावून माझ्या नवऱ्याचं नाव पुसलं आणि याचं लिहिलं. ते मी करायला नको होतं. तेव्हा नाही म्हटलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

वेबसाईटचं खूळ नवसारीकडच्या एका कुटुंबाने घातलं. त्यांचे निम्मे नातेवाईक अमेरिकेत. थंडीत सगळे येतात आणि घरातली लग्नं एकाच खेपेत उरकतात. त्या वर्षी तीन होती. त्यांनी दिराला सांगितलं, आमच्या काकांना तिकडे बसून बँड बघता आला पाहिजे, मग ठरवू. दिराने क्लासवाल्या मुलीला गाठलं. त्याला पानावर हलणारा ढोल हवा होता, लुकलुकणारे दिवे हवे होते, वर वाजणारं गाणं हवं होतं. मुलगी म्हणाली, एवढं घातलं तर पान उघडेपर्यंत नवरदेवाचं लग्नाचं वय निघून जाईल. शेवटी फोटो, कोटाची पट्टी आणि इंग्रजीत नाव-पत्ता एवढंच राहिलं. मध्ये जागा रिकामी दिसत होती. तिने फोटोतल्या ढोलावरची अक्षरं बघून विचारलं, हे कोणी लिहिलं? वहिनीने, दीर म्हणाला. मग ती म्हणाली, कॉम्प्युटरमध्ये मराठी अक्षरं नाहीत, पण तिच्या हातचा कागद मला तसाच आत घेता येईल, परदेशातल्यांना हाताने लिहिलेलं आवडतं. म्हणून त्या दिवशी दीर मला क्लासमध्ये घेऊन आला होता.

"लिहा वहिनी," तो म्हणाला. त्याने कोरा कागद आणि काळा स्केचपेन माझ्यापुढे ठेवला. आता मी खुर्चीवर बसले.

"हा हात काढून टाक," तो मुलीला म्हणाला. "भुताचा असल्यासारखा दिसतो."

मुलगी म्हणाली, "काढला तर खांदा फाटेल."

"राहू दे हात," मी म्हटलं. "कोणाला कळतंय."

तो खुश झाला. उभा राहून सांगायला लागला. हा बँड मी काढला. लहानपणापासून मला संगीताची आवड. मोठमोठ्या लग्नांत वाजवण्याचा अनुभव. तो सांगत होता आणि मी लिहीत होते, पण ते लिहीत नव्हते. सावकाश, मोठी अक्षरं, वेलांट्या गोल. मध्ये तो म्हणाला, "झालं का अनुभवापर्यंत?" मी म्हटलं, "थांब, अनुभव मोठा आहे तुझा." तो हसला.

मी लिहिलं ते असं. हा बँड ज्याने काढला त्याला या फोटोतून कापलं आहे. खांद्यावर हात उरला आहे तो त्याचा. ज्याच्या खांद्यावर हात आहे त्याला ढोल त्यानेच शिकवला. क्लॅरिओनेट वाजवणारा आता या बँडात नाही. घरच्या माणसाला जो कापतो तो तुमच्या लग्नात काय करील ते तुम्ही बघा. खाली नवऱ्याचं पूर्ण नाव आणि लिहिणार त्याची बायको.

"वाचून दाखवा," दीर म्हणाला.

मी कागद धरला आणि त्याने सांगितलेलं त्याला ऐकवलं. हा बँड मी काढला, लहानपणापासून आवड, सगळं. एक शब्द चुकले नाही. तो कागदाकडे बघत मान हलवत होता. "काय अक्षर आहे," तो मुलीला म्हणाला, "देखो, देखो." मुलगी बघतच होती. शाळेत हिंदी शिकलेली होती, तिला ती अक्षरं येत होती. मराठीही डिंडोली-गोडादऱ्यात रोज कानावर पडणारी. तिने माझ्याकडे बघितलं, दिराकडे बघितलं, आणि कागदाची घडी पडू नये म्हणून त्यावर पुस्तक ठेवलं.

दीर खाली पान खायला गेला. ती म्हणाली, "मासी, आ साचुं छे?"

"साचुं छे. सगळं खरं."

"आखिरी लाइन भी?"

"ती रागाची आहे."

तिने स्केचपेनला टोपण लावलं. मग म्हणाली, "मैंने काटा. मुझे पता नहीं था वो कौन है." मी म्हटलं, तुझं काही नाही यात. "तो चढावी दऊं?" पान वेबसाईटवर चढवू का, तिने विचारलं. मी म्हटलं, "चढावी दे."

ती शेवटची ओळ खोडायला तेव्हा वेळ होता. मी खोडली नाही.

घरी नवरा उठून बसले होते. "मी कसा दिसतो?" म्हणाले.

"पट्टी चांगली आली आहे," मी म्हटलं. "चारी बाजूंनी."

"आणि मी?"

"तुम्हीही आहात."

खोटं बोलले नाही. तेवढेच होते.

दीड महिना काही झालं नाही. दिराने नव्या कार्डावर वेबसाईटचा पत्ता छापला, मुरडीच्या इंग्रजी अक्षरांत, आणि जिथे तिथे वाटला. लिंबायतपासून कतारगामपर्यंत. कोणाकडे कॉम्प्युटर नव्हता, कोणी उघडून बघितलं नाही. तो मला म्हणायचा, "वहिनी, तुमचं अक्षर अमेरिकेत पोचलं." मी म्हणायचे, "पोचू दे." रोज भाकरी थापताना मला वाटे, आज. मग उद्या. त्या दीड महिन्यात मी जेवढी मजेत होते तेवढी त्याच्या आधी किती वर्षांत नव्हते. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग अमेरिकेतल्या काकांनी उघडलं. मंडळी गुजराती, पण हिंदी वाचणारी. त्यांनी अर्थ लावला. नवसारीहून निरोप आला, तिन्ही लग्नं दुसऱ्या बँडाला दिली, घरात भांडण असलेले वाजवणारे आम्हाला नकोत.

दीर दारात आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. तो घरातली बोली बोलायला लागला, रागात तो खानदेशी अहिराणीवर जातो. "वहिनी, हाई काय लिखं तुम्ही?"

"तू सांगितलंस ते फार लांब होतं. थोडक्यात लिहिलं."

"माले वाचता येत नही म्हणीसन फसाडं."

"शाळेत घातलं होतं तुला. पतंग कोण उडवत होतं?"

"माझ्या पोराबाळांच्या तोंडचं काढलंत तुम्ही."

"तू फोटोतलं माणूस काढलंस."

"फोटो जड होता," तो म्हणाला. अजून तेच.

"पिपाणीवाला कापायचा. तो डोळे मिटून होता, त्याला कळलंही नसतं."

तो क्लासकडे पळाला, पान उतरवायला. क्लासला कुलूप होतं. मुलीचं लग्न होऊन ती भरूचला गेली होती आणि पान उघडण्याचा पासवर्ड तिच्यासोबत गेला होता. दुसऱ्या एका कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं, ज्याने चढवलं त्यालाच उतरवता येतं. म्हणून पान तसंच राहिलं, सगळा हंगामभर, आणि प्रत्येक कार्डावर त्याचा पत्ता. ते कार्ड त्यानेच वाटलेलं होतं. गोष्ट कानोकानी बाकीच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचली आणि हंगामातली दुसरी लग्नंही गेली.

जायच्या आधी मुलीने मला पानाचा एक छापील कागद दिला होता. मी तो डब्याखाली ठेवला होता. दीर ओरडून गेल्यावर नवऱ्याने मागितला. त्यांनी दोनदा वाचला. वाकड्या करंगळीवर बोट ठेवलं. "हाऊ मन्हा हात शे," म्हणाले.

"हो."

"मी आहे म्हणालीस."

"हात आहे ना."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "आता पोरं कुठे वाजवतील?"

मी म्हटलं, "ज्याला वाजवायचं तो कुठेही वाजवील."

"मालकाकडे," ते म्हणाले. "पुन्हा मालकाकडेच." आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बँड त्यांनी काढला होता, तो मी मोडला. मी दिराचा बँड तोडायला गेले, नवऱ्याचाही तोच होता, तो तुटला. एवढं मला तेव्हा सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी थांबले असते का, ते मी सांगू शकत नाही.

पोरं खरंच मालकांकडे गेली. पिपाणीवाल्याची बायको मी नळावरून निघाले की मगच बादली लावायची आणि माझ्याकडे बघायची नाही. तिचं मला वाईट वाटलं. दिराचं वाटलं नाही. तो दुसऱ्याच्या बँडात, दुसऱ्याने शिवलेला निळा कोट घालून ढोल वाजवू लागला. आमच्या गल्लीतून वरात निघाली की मी मुद्दाम दारात उभी राहायचे. तो खाली बघून वाजवायचा.

नवरा त्याच हिवाळ्यात गेले. कोट दिराने परत केला नव्हता, तो मी जाऊन आणला आणि त्यांच्या अंगावर घातला. दिराने खांदा दिला.

फोटोतल्या सातांपैकी चार वारले, चौघंही छातीनेच. दोघं खानदेशात परत गेले, त्यांचं मला माहीत नाही. दीर डिंडोलीतच आहे, आता एका कानाने ऐकतो. मी आहे.