ब्रेकची तिसरी फेरी

कामिनुमा गावातल्या निम्म्या घरांत तोकुसानांच्या हातच्या तातामी अंथरलेल्या आहेत. बावन्न वर्षं त्या माणसाने जमिनीवर गुडघे टेकून, कोपराने दोरा खेचत चटया शिवल्या. कड केसभर वाकडी गेली तरी उसवून पुन्हा शिवायची, मग गिऱ्हाईक दारात ताटकळत का उभं असेना. असा माणूस निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल, असं कुणालाच वाटलं नव्हतं. तरीपण त्यांनी जे केलं ते पाहून गावाने तोंडात बोटं घातली. एका सफरचंदाच्या बागेतल्या पडवीतून त्यांनी १९७१ सालची ब्ल्यूबर्ड उचलून आणली. उचलून म्हणजे अक्षरशः उचलून, कारण गाडीला चाकं तीनच होती आणि मागच्या सीटमध्ये उंदरांचा भरला संसार होता.

या गाडीचं वेड जुनं. तरुणपणी तोकुसान चटयांनी भरलेला टेम्पो घेऊन घाट चढायचे, तेव्हा गावातली श्रीमंतांची पोरं अशाच गाड्यांतून त्यांना ओलांडून जायची. पुढच्या वळणावर नुसते मागचे लाल दिवे दिसायचे आणि तेही नाहीसे व्हायचे. एकदा तरी त्या घाटात स्वतःच्या हाताने ब्ल्यूबर्ड चालवायची, एवढंच त्यांना हवं होतं. चेष्टेने नव्हे, अगदी मनापासून हवं होतं.

त्यात नऊ वर्षं गेली. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा म्हणून ते पासष्टाव्या वर्षी वेल्डिंग शिकले. इंजिन तीनदा उघडलं. दोन कार्बोरेटर बसवले, गाडी दोन बोटं खाली घेतली, आणि सीटचं कापड स्वतः शिवलं, त्याच तातामीच्या सुईने. बायको म्हणायची, माझ्या कमरेपेक्षा त्या गाडीच्या धुऱ्याची काळजी जास्त. खोटं नव्हतं ते.

मुलगी चिगुसा शाळांच्या जेवणाचं नियोजन करते, त्यामुळे सगळ्यांच्या ताटात काय असावं हे आपल्यालाच कळतं अशी तिची समजूत. गेल्या वर्षी तोकुसानांनी रोजची गाडी मागे घेताना शेजाऱ्याचं कुंपण पाडलं, तेव्हापासून तिने गाडी चालवणं सोडा असा धोशाच लावला. अखेर तह झाला. दोन डिसेंबरला पंचाहत्तरावं लागलं की लायसन्स पोलिसांकडे परत करायचं. त्याआधी घाट. घाट बर्फामुळे बारा नोव्हेंबरला बंद होणार होता आणि गाडीच्या सरकारी तपासणीची तारीख मिळाली होती सात नोव्हेंबरची.

त्या सकाळी लाल तिरकी रेघ असलेली तात्पुरती नंबराची पाटी लावून तोकुसान निघाले. शेजारी चिगुसा, मांडीवर ओनिगिरींचा, म्हणजे भाताच्या मुटक्यांचा डबा, चेहऱ्यावर पहारेकऱ्याचा भाव. तपासणी केंद्रात गाडी मालकानेच रांगेतून न्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. गॅरेजवाल्याच्या हाती द्यायला ते काही मेले नव्हते. एका अर्जावर एका दिवसात तीनच फेऱ्या मिळतात. तिन्हींत नापास झालं तर नवा अर्ज, नवी तारीख, आणि ती घाट बंद झाल्यावरचीच.

पहिल्या फेरीत दिवे, वेग, धूर, सगळं पास झालं. मग चाकं रोलरवर चढली, फलकावर ब्रेक दाबण्याची सूचना आली, तोकुसानांनी दाबला, आणि फलकावर फुली उमटली.

ब्रेकच्या नळीत हवा राहिली असणार, ते म्हणाले. आवारातच पाने-पकडी काढून ते गाडीखाली शिरले. चिगुसाला वर बसवून त्यांनी पेडल दाबायला लावलं आणि हवा काढली. दुसऱ्या फेरीत त्यांनी दात आवळून, सीटला पाठ रेटून ब्रेक दाबला. गुडघा थरथरायला लागला. पुन्हा फुली.

तपासणीची तरुण अधिकारी खिडकीशी वाकली. आधी तिने नमस्कार केला, मग हळू आवाजात म्हणाली, "गाडीत दोष वाटत नाही. आकडा बरोबर चढतो आणि मध्येच थांबतो. पाय अजून जोरात दाबता येईल का?"

"दाबतोच आहे."

तिने त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि नजर लगेच फलकाकडे वळवली. "गाडी रांगेतून दुसऱ्या कुणी चालवली तरी चालतं," एवढंच म्हणाली.

या गाडीच्या ब्रेकला जोर वाढवणारं यंत्र मुळात नाही. मित्र ओकाबे, जन्म गॅरेजात गेलेला माणूस, आठ वर्षांपूर्वीच सांगत होता की ते बसवून घे. तोकुसानांनी त्याला उडवून लावलं होतं. ब्रेक पायाला कळला पाहिजे, मध्ये दलाल कशाला, म्हणे. आता आवारात ओनिगिरी तशीच हातात धरून ते बसून होते. स्वतःचाच इतका राग त्यांना कधी आला नव्हता. चटई वाकडी गेली की उसवता यायची, गुडघ्याचं काय करणार?

दुपारी दोनला ते उठले आणि त्यांनी किल्ली चिगुसापुढे धरली.

"तू ने."

"मी? बाबा, बुडवलं तर?"

"बुडणार नाही. गाडी चांगली आहे. फक्त जीव खाऊन दाब."

पिवळ्या रेषेमागे ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. रोलर फिरले, चिगुसाचे खांदे ताठ झाले, आणि फलकावर पासचा गोल उमटला.

तोकुसानांना आनंद झाला, पण तो क्षणभरच. नऊ वर्षांचं काम निर्दोष निघालं होतं. म्हणजे उणं कुठे आहे, याबद्दल आता शंकाच उरली नव्हती.

नवी पाटी बसली, मागच्या पाटीच्या बोल्टवर सरकारी मोहोर लागली. चिगुसाने किल्ली परत दिली. तिचे डोळे पाणावले होते, पण ते तिने कबूल केलं नसतं. "घ्या. ठरल्याप्रमाणे. उजेड आहे तोवर वर जाऊन येऊ."

तोकुसानांनी किल्ली मुठीत धरली. घाट चढायला त्यांना कसलीच भीती नव्हती. पण वर गेलेल्याला खाली यावं लागतं. पलीकडे अकरा किलोमीटर उतार, वळणावळणाला ब्रेक, आणि शेजारच्या सीटवर ही. ते गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेले आणि छतावरून किल्ली तिच्याकडे सरकवली.

"चालव."

"अहो बाबा, वाढदिवसाला अजून जवळजवळ महिना आहे. मी काही म्हटलंय का?"

"तू नाही म्हटलंस. मी म्हणतोय." त्यांनी आत बसून पट्टा लावला. "घाटाच्या अलीकडे पोलीस ठाणं आहे. तिथे दहा मिनिटं थांब. मग जाऊ."