विहाराच्या गच्चीवरचे पाइप

दादाची आणि माझी शेवटची भेट आगरदांड्याच्या जेटीवर झाली. मी खाडीपलीकडे दिघीच्या बाजूला राहते. तो मला बोटीवर बसवून द्यायला आला होता. बोटीला वेळ होता, आणि मोकळा वेळ मिळाला की दादा बोलायला माणूस शोधायचा. शेजारी एक पर्यटक उभा होता, पनवेलला घर बांधतोय म्हणाला. झालं. "गच्चीला वॉटरप्रूफिंग करनार असाल तर आमच्या विहाराची गोष्ट ऐका. तिथं मी मोठी चूक केली व्हती..." दादाने सुरुवात केली. मी पिशवी उचलली आणि जरा लांब जाऊन खाडीकडे बघत उभी राहिले, जणू हा माणूस माझ्या ओळखीचाच नाही. बोट लागली तेव्हा त्याची गोष्ट संपायची होती. मी लांबूनच हात केला आणि चढले. पुढच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. दादा झोपेतच गेला होता.

माझा हा थोरला भाऊ नवी मुंबईत वॉटरप्रूफिंगची कामं घ्यायचा. डब्यातून काढून ब्रशने लावायचं आणि वाळलं की रबरासारखा थर होणारं रसायन गावात पहिल्यांदा त्यानेच आणलं. माहेरच्या गावातल्या आमच्या विहाराची गच्ची गळायला लागली तेव्हा हे काम आपलं, असं त्याने परस्परच ठरवून टाकलं. सुट्टी काढून आला, जुना कोबा फोडला, विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून नवा केला. कुठे गळत नाही ना हे बघायला कडेने आळी करून गच्चीभर पाणी साठवलं. खाली एक थेंब आला नाही. दादा खूश. भीमजयंती तोंडावर आली होती. पाणी सोडलं, गच्ची पुसली, वरून सुकलेली दिसली आणि त्याने पांढराशुभ्र थर मारून टाकला. जयंतीला आम्ही बायका मुद्दाम वर जाऊन बघून आलो. भावाचं कौतुक ऐकून मी दिवसभर हवेत होते.

मे महिन्यात त्या थराला फोड आले. आधी पुरीएवढे, मग ताटाएवढे. आम्ही हौसेने भरलेलं पाणी कोब्याच्या पोटात मुरलेलं होतं. उन्हाने त्याची वाफ होत होती आणि वर जायला वाट नव्हती. पोरं त्या फोडांवर उड्या मारायला जायची. दादाने गच्चीवर पापड तळलेत, असं गावात सुरू झालं. लोक हसून सोडून देत, पण आमच्या आईने महिनाभर विहाराकडचा रस्ता टाळला.

फोड कापा आणि वरून आणखी एक हात मारा, कुणाला कळतंय, असं कमिटीतल्या एकाने सुचवलं होतं. दादा भर बैठकीत उभा राहिला. "पानी मीच भरलं आन् सुकायच्या आधी झाकन बी मीच लावलं. चूक माजी हाय," म्हणाला. मग त्याने ठिकठिकाणी थर आणि कोबा गोल कापून खड्डे केले, त्यांत खडी भरली, खालच्या टोकाला भोकं पाडलेले प्लास्टिकचे पाइप उभे केले आणि त्यांच्या बुडाशी जाळी लपेटून पुन्हा तेच रसायन चढवलं. पाइपांची वरची तोंडं खाली वाकवली, तीही समुद्राकडे पाठ करून, कारण आमच्याकडे पाऊस आडवा येतो. आतली वाफ पाइपांतून निघून गेली. फोड पुन्हा आले नाहीत.

दुसरा कुणी यानंतर गप्प बसला असता. दादा सांगत सुटला. पाहुणा आला की आधी गच्ची. माझ्या मुलीला बघायला दादाकडे आलेल्या मंडळींनाही त्याने वर नेलं. हे पाइप कसले, असं मुलाच्या वडिलांनी विचारलं तेव्हा "माज्या चुकीचे," म्हणाला, तेही हसत! मी शरमेने अर्धी झाले. किती वेळा त्याला म्हटलं, "दादा, लोक विसरलेत रे. तू कशाला आठवण करून देतोस?" त्यावर त्याचं एकच, "सांगितलं न्हाय तर दुसरा तेच करंल." शेवटी मी नाद सोडला. तो सुरू झाला की उठून आत जायची.

दादा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी विहारात सभा झाली. एकामागून एक माणसं उठली आणि दादाच्या दूरदृष्टीवर बोलली. वाफेचा विचार त्यांनी पहिल्या दिवसापासून केला होता, असंही एकजण म्हणाला. खरं काय ते निम्म्या सभेला माहीत होतं, पण गेलेल्या माणसाची चूक कोण काढणार? इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. आणि आता ते ऐकताना मान वर होईना... जे सांगण्यात त्याने कधी कमीपणा मानला नाही, ते आम्ही सगळे मिळून पुसून टाकत होतो.

सभा संपल्यावर शेजारच्या गावातला एक तरुण माझ्याकडे आला. त्यांच्या समाजमंदिराच्या गच्चीवर गळती बघायला साठवलेलं पाणी नुकतंच सोडून दिलं होतं, उद्या थर मारायचा होता. "दादांसारखे पाइप आनलेत, ताई. ते लावले की काळजी न्हाय ना?"

"हे पाइप आधी लावलेले नाहीत," मी म्हटलं. "दादाने ओल्या कोब्यावर थर मारला होता. फोड आले, मग लावले. त्याची चूक झाली होती. कोबा आधी सुकू दिला असता तर पाइप लागलेच नसते." दोघंतिघं वळून बघू लागले. अध्यक्षांनी कपाळाला आठी घातली. त्या तरुणाने मात्र लगेच विचारलं, "मग आतून सुकलंय हे वळखायचं कसं?"

मला माहीत नव्हतं. दादाने ते हजारदा सांगितलं असणार, पण चुकीच्या पुढची गोष्ट मी कधी ऐकलीच नव्हती.

"प्लास्टिक लावायचं," मागून वहिनीचा आवाज आला. भिंतीचा आधार घेत ती पुढे आली. "हातभर प्लास्टिक कोब्यावर पसरायचं, कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या. दुसऱ्या दिशी बघायचं. आतून पानी धरलं तर थांबायचं... न्हाय धरलं तरच ब्रश उचलायचा." मधे थांबली तीही दादा थांबायचा तशीच, हाताचा तळवा पालथा धरून.

तरुणाने तिथूनच फोन लावून उद्याचं काम थांबवलं.

"वहिनी, तुला सगळं पाठ आहे," मी म्हटलं.

"व्हय तर," ती म्हणाली. "तुमी सगली उठून जायचात. घरातलं कुनीतरी बसाया नको त्यांच्या बाजूला?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.