ट्रंक लाइनवर ऐकलेली रेकॉर्ड

जळगावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. साल सत्तरच्या आसपासचं. माझं गाव चोपडा. जळगावात एका मास्तरीणबाईंच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली होती. बाई सातला जेवायच्या आणि आठला दिवा मालवायच्या. बोलायला कोणी नव्हतं असं म्हटलं तर हसू येईल, कारण दिवसभर माझ्या कानात माणसंच माणसं असायची. कापसाचे व्यापारी, केळीचे अडते, मुलगा मुंबईला पोचला का म्हणून विचारणारे बाप. पण ती सगळी एकमेकांशी बोलायची. माझ्या वाट्याला "लवकर लावा हो बाई" एवढंच यायचं.

इंग्रजी गाण्यांचं वेड अमळनेरच्या कॉलेजात लागलं. होस्टेलमध्ये माझ्या खोलीतल्या मुलीकडे रेडिओ होता. चार तरुणांचा एक इंग्लिश बँड होता, तीन गिटारी आणि एक ड्रम, आणि त्यांचं गाणं लागलं की मला पोटात काहीतरी हलल्यासारखं व्हायचं. शब्द निम्मे कळायचे नाहीत. न कळलेल्या शब्दांच्या जागी मी माझेच शब्द घालायची. जळगावात ही गोष्ट सांगावी असं एकही माणूस नव्हतं. शेजारच्या बोर्डावरच्या बाईंनी मला एकदा गुणगुणताना ऐकलं आणि काळजीने विचारलं, "पोट दुखतंय का गं?"

मग धुळे भेटली. आम्ही ऑपरेटर एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारायचो. जळगाव, पाचोरा दे. धुळे, तुझी मुंबई कुठवर आली? खरं नाव कोणी विचारत नसे, आणि मीही ते इथे सांगणार नाही. एका दुपारी धुळ्याचा कॉल संपला आणि मी लाइन सोडायची विसरले. जोडणीची कॉर्ड हातात धरून गुणगुणत बसले होते. एक ओळ म्हणून थांबले, तर पुढची ओळ धुळ्याने म्हटली. हळू आवाजात, अगदी बरोबर चालीत. माझ्या हातून कॉर्ड सुटली. पुन्हा जोडली तर ती हसत होती.

त्यानंतर वर्षभर माझे दिवस त्या लाइनवर चालले. दोन कॉलच्या मधे मिनिट मिळायचं, कधी अर्धं. तेवढ्यात आम्ही बोलून घ्यायचो. तिचा भाऊ पुण्याला शिकत होता आणि सुट्टीत येताना रेकॉर्ड आणायचा. घरी सुटकेससारखा बंद होणारा छोटा रेकॉर्ड प्लेअर होता. त्या बँडच्या दोन मोठ्या रेकॉर्डी तिच्याकडे होत्या. माझ्याकडे एकही नव्हती, मशीनही नव्हतं. पण माझ्याकडे दुसरं काही होतं. जळगावच्या वाचनालयात एक इंग्रजी साप्ताहिक यायचं आणि ते माझ्याशिवाय कोणी उघडत नसे. त्यात नव्या रेकॉर्डींवर लिहून यायचं. बँडमध्ये कोणाचं कोणाशी बिनसलं, कुठलं गाणं उत्तम, कुठलं भरतीचं, हे सगळं मी तिथे वाचायची आणि सोमवारी धुळ्याला ऐकवायची. समीक्षकाचं म्हणणं आहे वगैरे मी सांगत नसे. माझंच म्हणून सांगायची. ती म्हणायची, "जळगाव, तुला कसं गं इतकं कळतं?" आणि मी शेफारून जायची. तिच्याकडे गाणी होती आणि माझ्याकडे मतं होती.

मग त्या बँडची नवी रेकॉर्ड आली. जळगावात आधी पोचली ती रेकॉर्ड नव्हे, तिच्यावरची टीका. साप्ताहिकात पानभर लेख होता. बँडचा जोर गेला, आवाज पोकळ झाला, नुसती शांत शांत गाणी करून ठेवलीत, असं काहीसं. मी तो लेख तीनदा वाचला. पंधरा दिवसांनी धुळे एका दुपारी लाइनवर आली ती धापा टाकतच.

"भाऊनी आनी! नवी रेकॉर्ड शे मनाजोडे. माझ्याजवळ आहे! पंधरा दिवस झाले, रोज ऐकतेय. तुला मुद्दामच सांगितलं नाही, आधी पोटभर ऐकून घेतली. कशी आहे ते मला सांगताच येत नाही गं. तूच ऐक आणि तूच सांग."

आनंदात असली की ती अशीच अहिराणीत सुरू व्हायची आणि मधेच ऑफिसची मराठी आठवायची. पंधरा दिवस तिने ती एकटीने ऐकली, हे मला लागलं. तिची वस्तू, तिचं घर, पण लागलं खरं.

रविवारी दुपारी बाजार बंद असायचे. आमच्या सुपरवायझर बाई जेवायला घरी जात. धुळ्यालाही त्या वेळी ती एकटीच बोर्डावर असे. तिने पिशवीत घालून रेकॉर्ड प्लेअर एक्सचेंजमध्ये आणला, आपला हेडफोन काढून त्याचं बोलायचं टोक स्पीकरसमोर धरलं आणि लाइन मला जोडून दिली. जळगावात मी डोळे मिटून बसले होते.

बाजार बंद, तरी मधे दोनदा कापसाचे कॉल आलेच. एकदा अमळनेरच्या एका शेठजींना मुंबई हवी होती, एकदा कोणाला तरी इंदूर. दोन्ही वेळा गाणं तोडावं लागलं, आणि पुन्हा जोडलं तेव्हा ते कुठल्या कुठे गेलेलं होतं. जे ऐकू आलं ते बारीक, दूरचं, मधेच खरखरणारं. ड्रम तर जवळजवळ नव्हताच. एक बाजू संपली. धुळ्याने हेडफोन पुन्हा कानाला लावला.

"कसं वाटनं?"

मी लगेच बोलले. थोडं थांबले असते तर बरं झालं असतं. पण तो लेख तोंडपाठ होता, वर माझी स्वतःची एक उपमा सुचली आणि ती मला फार आवडली. मी म्हटलं, "पोकळ आहे गं. विहिरीच्या तळाशी बसून कोणी गातंय असं वाटतं. संपले हे लोक."

ती म्हणाली, "हो का?" मग म्हणाली, "मला तर..." आणि तेवढ्यात तिच्या बोर्डावर नव्या कॉलचा दिवा लागला.

दिवसभर ज्या यंत्रावर मी बसायची त्या यंत्रात सख्ख्या भावाचा आवाजसुद्धा मला परक्याचा वाटायचा. चोपड्याहून आई बोलली की ती आजारी आहे का, असा संशय यायचा. तरी त्या दिवशी हे माझ्या डोक्यात आलं नाही. दोष लाइनचा असेल असं वाटायला आधी मनात थोडी जागा लागते, आणि माझ्या मनात तो पानभर लेख पसरून बसला होता.

एवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. पण मी साप्ताहिकाला पत्र लिहिलं. टीकाकाराचं बरोबर आहे, चाहत्यांनी उगाच रडू नये, वगैरे. विहीर त्यातही घातली. तीन आठवड्यांनी पत्र छापून आलं, खाली माझी आद्याक्षरं आणि जळगाव. मी वाचनालयवाल्या काकांची विनवणी करून तो अंक मागून घेतला, कात्रण कापलं आणि धुळ्याला पाठवलं. ती म्हणाली, "छान लिहिलंस." त्यानंतर ती गाण्यांबद्दल बोलेनाशी झाली. हवापाण्याचं बोलायची, तिच्या वडिलांच्या, आबांच्या, गुडघ्यांचं बोलायची. मी एखाद्या गाण्याचा विषय काढला की म्हणायची, "असेल गं." मला वाटलं, रुसली. मीही म्हटलं, बसू दे फुगून. माझी रेकॉर्ड नाही तर निदान माझं मत तरी माझं.

पण त्या दिवसांइतकी एकटी मी नंतर कधीच झाले नाही, नवरा गेल्यावरसुद्धा नाही. संध्याकाळी खोलीवर यायची, बाईंचा दिवा मालवला जायचा, आणि दिवसभरात गाण्याचा एक शब्द कोणाशी बोललेली नसायची. गुणगुणणंही बंद झालं. शेजारच्या बोर्डावरच्या बाईंनी पुन्हा विचारलं असतं तर मी या वेळी हो म्हटलं असतं, पोट दुखतंय म्हणून.

साप्ताहिकात त्या रेकॉर्डवरून जुंपली होती. आठवडे न् आठवडे पत्रं येत होती. कोणी म्हणत होतं, हेच त्यांचं सर्वांत चांगलं काम. कोणी रेकॉर्ड परत करायला निघालं होतं. एका अंकात दक्षिणेकडच्या कोणा वाचकाने माझा समाचार घेतला होता. जळगावच्या वाचकाने आपल्या मशीनची सुई बदलून पाहावी, सुई ठीक असेल तर कान तपासावेत. मी वाचनालयात बसल्या बसल्या लाल झाले. दोन दिवस मनात त्या माणसाला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी बोर्डावर बसले, हेडफोन कानाला लावला, आणि पहिला आवाज ऐकताच माझे हात थांबले. मशीन. मी ती रेकॉर्ड कुठल्या मशीनवर ऐकली होती?

दोन महिन्यांनी मला ट्रेनिंगसाठी मुंबईला पाठवलं. एका दुपारी मी रेकॉर्डींच्या दुकानात शिरले. तिथे काचेची छोटी खोली होती, हवी ती रेकॉर्ड लावून देत. मी नाव सांगितलं आणि आत जाऊन उभी राहिले. पहिलं गाणं सुरू झालं आणि खालून, जमिनीतून, ड्रम आला. त्याच्या बरोबरीने जाड तारेची गिटार. धुळ्याहून जळगावला येताना हे सगळं कुठे राहून गेलं होतं? शांत गाणी शांत नव्हतीच, त्यांच्या तळाशी सारखं काही चालू होतं. मी उभ्या उभ्या रडले. आनंद झाला म्हणून रडले आणि लाज वाटली म्हणूनही. दुकानदाराने काचेवर टकटक केली तेव्हा कुठे बाहेर आले.

हे लाइनवर सांगण्यासारखं नव्हतं. परत आल्यावर पहिल्या साप्ताहिक सुट्टीला मी सकाळची एसटी धरली आणि पारोळ्यावरून धुळ्याला गेले. कात्रणाच्या पाकिटावर लिहिला होता तो पत्ता मला पाठ होता. दार उघडलं ते एका ठेंगण्या, जाड चष्म्याच्या मुलीने. मी इतकंच म्हटलं, "इथे..." आणि ती म्हणाली, "जळगाव?"

"इतली लांब उनी तू?" असं म्हणत तिने मला हाताला धरून आत नेलं. आबांना सांगितलं, हीच ती, जिला सगळं कळतं. चहा केला. मी कप हातात घेऊन मुंबईचं सगळं सांगून टाकलं. मी चुकले, रेकॉर्ड फार सुंदर आहे, दोष लाइनचा होता, तू बरोबर होतीस. तू माझ्यावर रागावलीस तेही बरोबर होतं.

ती म्हणाली, "रागावले? कशाला रागावू? मला वाटलं, आपल्याला काही कळत नाही. पंधरा दिवस वेड्यासारखी ऐकत होते, त्याचीच लाज वाटली."

"रेकॉर्ड आहे का अजून?"

होती. कपाटात, तळाला. कव्हरमध्ये माझं कात्रण नीट घडी घालून ठेवलेलं होतं. मी कात्रण बाजूला केलं आणि स्वतःच्या हाताने सुई ठेवली. छोटंसं मशीन, पण ड्रम होता, सगळं होतं. मला राहवेना. "हे ऐक, आता हे ऐक," म्हणत मी तिच्या गुडघ्यावर ताल धरत होते. ती शहाण्या मुलीसारखी मान हलवत होती. बाजू संपली.

"आवडतं ना?" मी विचारलं.

तिने चष्मा काढून पदराने पुसला. "तू म्हणतेस तर चांगलंच असेल," ती म्हणाली. "पण खरं सांगू का? तू ते बोललीस ना, तेव्हापासून माले तेच ऐकू येतं. मी दोन-तीनदा लावून पाहिलं. आधी जे वाटायचं ते आता वाटत नाही. जाऊ दे, दुसरी बाजू नको. चहा निवला बघ तुझा."

मी तिला समजावलं. वाद घातला, हात जोडले. पण मत मागे घेता येतं, तिचं आवडणं मला परत देता येत नव्हतं. तिला खोटं बोलायला लावायचं एवढंच राहिलं होतं, तेव्हा मी वाद सोडला.

संध्याकाळी ती मला स्टँडवर सोडायला आली. मी खिडकीशी जागा धरली. गाडी सुरू झाली तशी ती चार पावलं बरोबर चालत आली आणि खिडकीच्या गजाला हात लावून म्हणाली, "भाऊ दिवाळीला येणार शे. या वेळी कुठली आणायला सांगू, ते तूच कळव. मी आधी ऐकणार नाही. तुला विचारूनच लावीन."