फुटपट्टीबाईंचा सहावा फोटो

आमच्या दवाखान्यात त्यांना तोंडावर बाई म्हणायचे आणि पाठीमागे फुटपट्टी. नाकं कापायचे डॉक्टर, पण कुठलं नाक कुठं आणि किती कापायचं ते ठरवायच्या फुटपट्टीबाई. मी ऑपरेशनच्या वेळी हत्यारं हातात देणारी सिस्टर. बारा वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं आणि बारा वर्षं त्यांचा राग केला. हे आधीच सांगते, म्हणजे माझ्या बोलण्यातून किती वजा करायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल.

त्या आल्या तेव्हा डॉक्टर सगळ्यांना एकच नाक देत. बारीक, टोकाला जरा उचललेलं. गोल चेहऱ्याला तेच, लांबोडक्या चेहऱ्याला तेच. रस्त्यात आमचे पेशंट लांबूनच ओळखू यायचे. बाई नुसत्या फोटो काढायला म्हणून लागल्या होत्या, पण महिन्याभरात त्यांनी डॉक्टरांना सुनावलं, "कातडी जाड असली की आतलं हाड कितीही तासा, वर बटाटाच राहणार. तिथं कमी करायचं नाही, टोकाला आधार द्यायचा. बसक्या नाकात भर घालायची. आणि नाकावरचं कुबड काढलं की टोक लोंबायला लागतं, ते आधीच धरून चालायचं." डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण माणूस धंद्याला पक्का. पुढं बाईंनी आखून दिल्याशिवाय ते सुरीला हात लावेनासे झाले.

फोटोची खोली म्हणजे जिन्यालगतची एक चिंचोळी जागा. भिंतीला निळा कागद, मध्ये जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं स्टूल. प्रत्येक पेशंटचे सहा फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरका, खालून आणि सहावा हसताना. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून बाई पेन्सिलीने त्या चेहऱ्याला शोभेल असं नाक काढायच्या. सहाव्या फोटोचा त्यांना फार सोस. काही माणसं हसली की नाक आणि वरचा ओठ यांच्यामधला एक बारका स्नायू नाकाचं टोक खाली खेचतो. तो ऑपरेशनमध्ये सोडवावा लागतो, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. नुसते दात दाखवले तर तो स्नायू हलत नाही, म्हणून हसू खरं हवं.

त्यासाठी बाई विनोद करायच्या, आणि विनोद करायला माझ्याइतकं हाताशी दुसरं कोण होतं? फोटोच्या खोलीत दिवा धरायला मी गेले, त्या पहिल्याच दिवशी पेशंटला म्हणाल्या, "आमच्या सिस्टरचं नाक बघा. मी त्याला हात लावू देत नाही. नाक सुधारलं तर बाकीचा चेहरा उघडा पडेल." पेशंट खो खो हसला. फोटो उत्तम आला. मी घरी जाऊन आरशासमोर रडले.

बाईंना मुलगी एकच, आणि तिला नाक मिळालं होतं आजीचं, म्हणजे बाईंच्या सासूचं. मध्ये उंचवटा, टोकाला बाक. "सासू मेली, पण नाक माझ्या घरात ठेवून गेली," असं बाई डबा खाताना सगळ्यांना ऐकवायच्या. मुलीला पोपट म्हणायच्या. पाहुणे आले की, "पोपट, तू आत बस बाई, त्यांना चहा गोड लागू दे." मुलगी बावीस वर्षांची झाली, लहान मुलांच्या शाळेत शिकवायला लागली, पण आईच्या लेखी पोपटच राहिली. शेवटी एक दिवस तीच दवाखान्यात आली.

"आईला म्हटलं, कर तुला हवं तसं," ती मला जिन्यात सांगत होती. "एकदा तरी माझ्याकडे बघून तिचं तोंड वाकडं व्हायला नको. बास. मला सुंदर वगैरे काही व्हायचं नाहीये, मावशी."

मग तिने आईची नक्कल केली. एक डोळा बारीक करून, कंगवा पट्टीसारखा धरून तिने जिन्याच्या कठड्याचं नाक मोजलं आणि "वाया गेलेली केस" असा शेरा मारला. मी हसले, तीही पोट धरून हसली, आणि तिच्या नाकाचं टोक सरळ ओठाकडे उतरलं. बारा वर्षांत मी एवढं तरी शिकले होते. मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

अर्ध्या तासाने ती स्टुलावर बसली. दिवा मी धरला होता. पाच फोटो झाले.

"आता हस," बाई म्हणाल्या.

मुलीने ओठ ताणले.

"दात दिसू देत."

तिने दात दाखवले. बाईंनी माझ्या नाकाचा ठेवणीतला विनोद काढला, तर ती बिचारी माझ्याकडे बघून ओशाळली. बाईंनी बटण दाबलं. "टोक हलत नाही. झालं काम."

परका पेशंट असता तर हसेपर्यंत त्यांनी त्याला उठू दिलं नसतं. पण स्वतःच्या मुलीचं हसू खरं की खोटं हे त्यांना कळलं नाही. खरं त्यांनी बघितलंच नव्हतं.

मला कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी दिवा धरून गप्प उभी राहिले. वाटलं, एकदा तरी या बाईचं माप चुकू दे, एकदा तरी हिची मान खाली जाऊ दे. चेहरा पोरीचा आहे, हेही कळत होतं. याहून हलकं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

ऑपरेशन बाईंच्या रेघेबरहुकूम झालं. सहा महिन्यांनी, सूज पूर्ण उतरल्यावर, ती शेवटच्या फोटोंसाठी आली. बाई स्टुलाभोवती फिरल्या. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग तिच्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "आता माझी मुलगी शोभतेस."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली. अगदी मनापासून, तोंडभरून. उंचवटा गेलेला, त्यामुळे टोक आता आधीपेक्षाही लांब उतरलं आणि वरच्या ओठावर टेकलं.

बाईंनी हात काढून घेतला. "बंद कर. तोंड बंद कर आधी! त्या म्हातारीहून भयंकर दिसतेस."

डॉक्टर धावत आले. म्हणाले, काही नाही, ओठाच्या आतून छोटासा छेद, दहा मिनिटांचं काम. बाईंनी लगेच पुढच्या आठवड्यातला दिवस बघितला. मुलीने खांद्याला पिशवी अडकवली.

"नको," ती म्हणाली.

"नको म्हणजे? असं नाक घेऊन फिरणार? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

"शाळेतल्या पोरांना मी हसलेली आवडते, आई. त्यांना चालतंय. आणि आज चुकून झालं. तुझ्यासमोर परत नाही हसणार मी. तुला त्रास नको."

तिच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. ती जिना उतरून गेली. बाई थोडा वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिल्या, मग त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं आणि मला दिवा नीट धरायला सांगितलं. मी धरला.